आधी कोड, मग ब्रँड: मुंबईत स्पोर्ट्स कारसाठी सिंथेटिक ऑइल घेताना

'एक चांगलं फुल सिंथेटिक द्या' असं काउंटरवर म्हटलं की ज्या डब्यावर दुकानदाराला मार्जिन जास्त, तो डबा पुढे येतो. त्याचं फार चुकतं असंही नाही, कारण तुम्ही त्याला कामाचं काहीच सांगितलेलं नसतं. साध्या हॅचबॅकला असं घेतलेलं ऑइल बहुतेक वेळा चालून जातं. टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन आणि सात हजार आरपीएमच्या इंजिनाला ते चालेलच असं नाही, आणि नाही चाललं तर ते लगेच कळत नाही. दोन-तीन वर्षांनी टर्बोचा आवाज येतो, टायमिंग चेनचा टेन्शनर खडखडतो आणि तोवर कोणत्या सर्व्हिसला काय टाकलं होतं हे कुणाच्या लक्षातही नसतं.

पहिली स्पोर्ट्स कार घेतलेल्यांसाठी, मग ती शोरूममधून आलेली असो की तिसऱ्या मालकाकडून, कामाचा क्रम पुढे दिला आहे.

१. मॅन्युअलमधला कोड शोधा

मॅन्युअलच्या शेवटच्या भागात तांत्रिक माहितीचं पान असतं. तिथे इंजिन ऑइलखाली तीन गोष्टी मिळतात: ग्रेड (५डब्ल्यू-३० सारखा दाटपणाचा आकडा), लिटरमध्ये क्षमता आणि गाडीच्या कंपनीचा अप्रूव्हल कोड, म्हणजे मान्यतेचा नंबर. त्या पानाचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. तिन्हींत महत्त्वाचा कोड, आणि नेमका तोच कुणी वाचत नाही.

कोड कसे दिसतात? बीएमडब्ल्यूचे लाँगलाइफ-०१, लाँगलाइफ-०४, लाँगलाइफ-१७ एफई+. मर्सिडीझचे एमबी २२९.५, २२९.५२. पोर्शेचे ए४०, सी३०, सी४०. फोक्सवॅगन, ऑडी, स्कोडा या एकाच घरातल्या गाड्यांना व्हीडब्ल्यू ५०२ ००, ५०४ ००, ५०८ ००. फोर्डचे कोड डब्ल्यूएसएस-एम२सी ने सुरू होतात. गाडी बनवणारी कंपनी आपल्या इंजिनांवर आणि प्रयोगशाळेत ऑइलची परीक्षा घेते. भाग किती झिजले, पिस्टनवर किती काजळी बसली, रबरी सील फुगले का, ऑइल किती जाड झालं, हे सगळं तपासून मग नंबर देते.

ग्रेड जुळली म्हणजे ऑइल जुळलं, हा सर्वांत मोठा गैरसमज. दोन डबे शेजारी ठेवा, दोन्हींवर ५डब्ल्यू-३०. एकावर व्हीडब्ल्यू ५०४ ००, दुसऱ्यावर नुसता एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) चा एसपी दर्जा आणि इंधन बचतीचा शिक्का. १५० अंशांना जोराच्या घर्षणात ऑइलची फिल्म किती जाड राहते हे एका चाचणीत मोजतात, त्याला एचटीएचएस म्हणतात. पहिल्या डब्यातल्या ऑइलचा हा आकडा किमान ३.५ असतो. दुसऱ्यातल्याचा २.९ च्या थोडा वर असला तरी ते ऑइल नियमाने ५डब्ल्यू-३० च ठरतं. खंडाळ्याचा घाट चढताना टर्बोच्या शाफ्टभोवती आणि क्रँकच्या बेअरिंगमध्ये हाच फरक जाणवतो. समोरच्या आकड्यांत तो कुठेच दिसत नाही.

सेकंडहँड गाडी मॅन्युअलशिवाय आली असेल तर चॅसिस नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर जा. आखातातून किंवा जपानमधून आणलेल्या गाडीचं मॅन्युअल तिथल्या बाजारासाठी लिहिलेलं असतं. अशा वेळी कोड इंजिनावरून शोधावा, मॉडेलच्या नावावरून नाही. एकाच नावाच्या गाडीत सालाप्रमाणे वेगळं इंजिन असू शकतं.

२. फिल्टर आहे का ते बघा

एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. त्यानंतरच्या अनेक आयात डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर असतो. ऑइलमधल्या धातुयुक्त रसायनांची राख या फिल्टरमध्ये साचते आणि ती जाळून काढता येत नाही. म्हणून अशा गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं: एसीईए या युरोपातल्या वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या सी गटातलं, म्हणजे सी३, सी५, सी६, किंवा कंपनीचा त्याच धर्तीचा कोड, जसा पोर्शेचा सी४०. यात एसीईए ए३/बी४ चं ऑइल टाकलं तर इंजिनाला काही होणार नाही, पण फिल्टर हळूहळू तुंबेल आणि नव्या फिल्टरचं बिल लाखांत जाईल.

उलट प्रश्नही येतो: फिल्टर नसलेल्या जुन्या गाडीत कमी राखेचं ऑइल चालेल का? पूर्वी याचं उत्तर 'टाळा' असं होतं. बीएस-४ पेट्रोलमध्ये ५० पीपीएमपर्यंत सल्फर असायचं, त्यातून आम्ल तयार व्हायचं आणि ते मारायला ऑइलमध्ये क्षार जास्त लागायचे. कमी राखेच्या ऑइलमध्ये ते कमी असतात. बीएस-६ पेट्रोलमध्ये सल्फर १० पीपीएमवर आलं, त्यामुळे ती भीती बरीच कमी झाली. तरीही मॅन्युअलमध्ये ए३/बी४ किंवा लाँगलाइफ-०१ सांगितलं असेल तर तेच घ्या. पर्याय हातात असताना प्रयोग कशाला?

३. ग्रेड, आणि 'मुंबईत गरमी आहे, जाड टाका'

०डब्ल्यू-४० मधला पहिला आकडा थंडीतला. ०डब्ल्यू ची क्रँकिंग चाचणी उणे ३५ अंशांना होते, ५डब्ल्यू ची उणे ३०, १०डब्ल्यू ची उणे २५. मुंबईत पारा १५ च्या खाली क्वचितच उतरतो, त्यामुळे ०डब्ल्यू की ५डब्ल्यू यावर इथे डोकं शिणवण्यात अर्थ नाही. कोड जुळत असेल तर दोन्ही चालतात.

दुसरा आकडा १०० अंशांना ऑइल किती दाट असतं ते सांगतो. २० च्या ऑइलची व्हिस्कॉसिटी ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक, ३० ची ९.३ ते १२.५, ४० ची १२.५ ते १६.३, ५० ची १६.३ ते २१.९ आणि ६० ची २१.९ ते २६.१. प्रत्येक ग्रेड हा असा पट्टा आहे. एखादं ४० त्याच्या खालच्या टोकाला असतं, एखादं वरच्या. ऑइल कंपनीच्या वेबसाइटवरच्या डेटा शीटमध्ये नेमका आकडा मिळतो, पाच मिनिटं काढून तो बघावा.

आता गॅरेजमधला सल्ला. 'कंपनी २० किंवा ३० सांगते ते युरोपासाठी, आपल्याकडे गरमी आहे, ५० टाका.' यात अर्धं खरं आहे. पातळ ग्रेड सांगण्यामागे इंधनाचा ॲव्हरेज आणि धुराचे नियम असतात हे बरोबर. पण इंजिनातलं ऑइल बाहेरच्या हवेच्या तापमानावर चालत नाही. थर्मोस्टॅट आणि ऑइल कूलर त्याला शंभराच्या आसपास ठेवतात, बाहेर म्युनिक असो की मुलुंड. शिवाय आजच्या इंजिनात ऑइल हे हायड्रॉलिकचंही काम करतं: व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारे सोलेनॉइड, दाब कमी-जास्त करणारा ऑइल पंप, चेन टेन्शनर. त्यांच्या बारीक वाटा ठरावीक दाटपणासाठी काढलेल्या असतात. दोन पायऱ्या जाड ऑइल टाकलं की थंड इंजिनाला ते वर पोहोचायला उशीर लागतो, सोलेनॉइड सुस्तावतात आणि कधीकधी टायमिंगचा फॉल्ट कोड येतो. पंपाचा दाब वाढलेला दिसतो म्हणून मेकॅनिक खूश होतो, पण दाब वाढणं म्हणजे ऑइल जास्त वाहणं नव्हे.

खरं तर पाठ्यपुस्तकासारखं उदाहरण १०डब्ल्यू-६० चं आहे. बीएमडब्ल्यूच्या जुन्या एम, म्हणजे खास स्पोर्ट्स, गाड्यांच्या एस५४, एस६५, एस८५ या इंजिनांना हेच लागतं, कंपनीनेच सांगितलं आहे. ते बघून 'एमला ६० लागतं' असा समज पसरला आणि एम३४०आयच्या बी५८ इंजिनातही ते टाका असं सांगणारे भेटतात. बी५८ हे पूर्ण वेगळं टर्बो इंजिन आहे, त्याला बीएमडब्ल्यूच्या पातळ लाँगलाइफ ऑइलांपैकीच लागतं. बाहेरच्या बॅजवरून ऑइल ठरवू नये ते यासाठी.

मॅन्युअलने एकापेक्षा जास्त ग्रेड दिल्या असतील, समजा ०डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-४०, आणि वॉरंटीची अट आड येत नसेल, तर मुंबईसाठी आमचं मत ४० च्या बाजूने. थंडी नाही म्हणून पातळाचा फायदा इथे मिळत नाही, आणि ट्रॅफिकमध्ये पेट्रोल मिसळून ऑइल आपोआप पातळ होतं, त्याबद्दल पुढे येईलच. मुंबईत रेस ट्रॅक नाही. गाडी खरोखर चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर नेणार असाल तर गणित बदलतं. फोर्डने २०१२-१३ च्या मस्टँग बॉस ३०२ ला ५डब्ल्यू-५० दिलं, तर रस्त्यावरच्या जीटीला ५डब्ल्यू-२०. जाड ऑइल कधी लागतं हे यातून दिसतं: ते ट्रॅकवर सलग तापणाऱ्या इंजिनाला लागतं. घोडबंदर रोडवर तीन तास अडकलेल्या इंजिनाची अडचण वेगळी आहे.

४. डबा कसा वाचायचा

समोरची बाजू जाहिरातीची, तिच्यावर वेळ घालवू नका. डबा उलटा करा.

मागच्या बारीक मजकुरात 'अप्रूव्हल्स' असा शब्द आणि त्यापुढे तुमचा कोड असेल तर कंपनीने परीक्षा घेऊन मान्यता दिलेली आहे. त्याऐवजी 'मीट्स द रिक्वायरमेंट्स ऑफ' किंवा 'रेकमेंडेड फॉर' असेल तर तो ऑइलवाल्याचा स्वतःचा दावा आहे. असं ऑइल वाईट असेलच असं नाही, पण गाडीच्या कंपनीने ते मान्य केलेलं नाही. काही डब्यांवर दोन्ही याद्या असतात, आणि तुमचा कोड नेमका दुसऱ्या यादीत असतो. ओळ नीट वाचा.

मग एपीआय. एसएन २०१० चं, एसपी २०२० चं, एसक्यू २०२५ चं. लहान टर्बो इंजिनात कमी आरपीएमला जोर दिला की कधीकधी स्पार्कच्या आधीच पेट्रोल पेटतं. याला एलएसपीआय म्हणतात, यात पिस्टनचे तुकडे होऊ शकतात. ऑइलमधलं कॅल्शियमचं डिटर्जंट याला हातभार लावतं असं दिसल्यावर नवीन ऑइलांत त्याचा काही भाग मॅग्नेशियमने घेतला. तेव्हा टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन गाडीला एसपीच्या खालचं ऑइल, फक्त एपीआयच्या भरवशावर, घेऊ नका.

'फुल सिंथेटिक' या शब्दांवर मात्र फार विसंबू नका. बेस ऑइलचे, म्हणजे ॲडिटिव्ह मिसळण्याआधीच्या मूळ तेलाचे, एपीआयने पाच गट केले आहेत. चौथा पीएओ या कृत्रिमरीत्या बनवलेल्या तेलाचा, पाचव्यात एस्टर वगैरे इतर तेलं येतात. तिसरा गट खनिज तेलावर हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून मिळतो. १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यातला वाद जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेपुढे गेला. तिसऱ्या गटाला सिंथेटिक म्हणायला हरकत नाही असा निर्णय झाला, आणि तेव्हापासून बाजारातल्या बहुतेक सिंथेटिक डब्यांत तोच गट मुख्य असतो. कोड मिळालेलं तिसऱ्या गटाचं ऑइल कोड नसलेल्या एस्टर ऑइलपेक्षा रोजच्या गाडीला बरं. मोट्युल ३००व्ही सारखं एस्टरचं रेसिंग ऑइल नामांकित आहे, पण ते ट्रॅकसाठी आणि लवकर बदलण्यासाठी आहे. दहा हजार किलोमीटर ठेवायचं ते ऑइल नव्हे.

कोड जुळले की ब्रँड कोणता हा आवडीचा प्रश्न राहतो. मोबिल १ एफएस ०डब्ल्यू-४०, शेल हेलिक्स अल्ट्रा ५डब्ल्यू-४०, कॅस्ट्रॉल एज, मोट्युल ८१००, लिक्वी मॉली ही नावं मुंबईत सहज मिळतात. एकाच नावाखाली ग्रेडनुसार वेगवेगळे कोड असतात, त्यामुळे 'एज घेतलं' एवढ्याने भागत नाही. कोणत्याही ऑइलमध्ये वरून ॲडिटिव्हची बाटली ओतू नका. ऑइलमधलं रसायनांचं प्रमाण जुळवलेलं असतं, ते बिघडवण्यासाठी पैसे देण्यात हशील नाही.

५. किती लिटर

क्षमता फिल्टरसह लिहिलेली आहे का ते बघा. बी५८ ला ६.५ लिटर लागतं, ऑक्टेव्हिया आरएसच्या ईए८८८ ला सुमारे ५.७ लिटर, २०१५ ते १७ च्या मस्टँग जीटीला ७.६ लिटर. भारतात डबे १, ४ किंवा ५ लिटरचे मिळतात. अमेरिकेहून आलेला पाच क्वार्टचा जग ४.७३ लिटरचा असतो, ५ चा नाही. बी५८ ला ५ अधिक १ अधिक १ घेतलं की अर्धा लिटर उरतं. ते फेकू नका, डिकीत टॉपअपसाठी सरळ उभं ठेवा. सील न उघडलेलं ऑइल साधारण पाच वर्षं टिकतं. उघडलेलं मात्र मुंबईच्या दमट हवेत वर्षभरात संपवावं.

६. मुंबईत कुठे घ्यायचं

वॉरंटीतल्या गाडीला प्रश्नच नाही, अधिकृत सर्व्हिस सेंटर. तिथेही एक करा. बऱ्याच ठिकाणी ऑइल डब्यातून नव्हे, ड्रममधून पाइपने येतं आणि एकच ड्रम सगळ्या मॉडेलना वापरला जातो. 'तुमच्या ड्रममध्ये कोणती ग्रेड आणि कोणता कोड आहे?' हे गाडी देतानाच विचारा आणि जॉब कार्डवर लिहून घ्या. ॲडव्हायझर थोडा वैतागेल, वैतागू दे.

वॉरंटी संपलेल्या गाडीसाठी कुर्ला-कालिनाचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाऊस परिसरातला ऑटो पार्ट्सचा बाजार ही दोन जुनी ठिकाणं. भाव चांगला मिळतो, माल भरपूर असतो आणि डुप्लिकेटही तिथेच खपतो. म्हणून आधी ऑइल कंपनीकडून मुंबईतल्या वितरकाचं नाव मिळवा आणि मग त्याच दुकानात जा. ऑनलाइन घेतलंत तर विक्रेता कोण आहे ते बघा, वेबसाइट नव्हे. एकाच पानावर दहा विक्रेते असतात.

काउंटरवरच पुढच्या गोष्टी बघा:

- झाकणाखालचं कडं अखंड हवं. झाकण फिरवून बघू द्यायला दुकानदार नको म्हणतो ते ठीक, पण कडं डोळ्यांनी दिसतं.
- बॅच नंबर आणि तारीख थेट डब्यावर छापलेली हवी, स्टिकरवर नको. एका खोक्यातल्या डब्यांवर बॅच सारखी असते.
- आयात डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी कायद्याने असावीच लागते. नसेल तर माल कसाही आलेला असू शकतो.
- क्यूआर किंवा स्क्रॅच कोड असेल तर दुकानातच तपासा.
- जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर ग्रेड लिहिलेली हवी. 'कच्च्या बिलात दोनशे रुपये कमी' याला भुलू नका. इंजिनाचा क्लेम करायची वेळ आली तर कच्चं बिल कुणी बघत नाही.

एमआरपीपेक्षा कमी भाव मिळणं नेहमीचंच. निम्म्या भावात कुणी देत असेल तर डब्यात काय आहे ते त्यालाच माहीत.

७. बदलताना

सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम बहुतेक ठिकाणी करू देत नाहीत, आणि जमिनीपासून चार बोटं वर असलेल्या गाडीखाली जाणं सोपंही नाही. ओळखीचं गॅरेज शोधा, लिफ्ट असलेलं, आणि समोर उभे राहा. ऑइल आणि फिल्टर स्वतः नेलात तरी गॅरेजवाले रागावत नाहीत, मजुरी थोडी जास्त घेतात.

इंजिन कोमट हवं. दहा मिनिटं गाडी चालवून आणली की ऑइल पातळ होऊन तळाचा गाळ घेऊन निघतं. गाडी लिफ्टवर घेताना पॅड कंपनीने दिलेल्या जागीच लावायला सांगा, नाहीतर दाराखालची पत्र्याची कड दबते. खालचं प्लास्टिकचं कव्हर काढा आणि त्याचे स्क्रू एका डबीत ठेवा. अर्ध्या गाड्यांत दोन-तीन स्क्रू हरवलेले असतात आणि मग ऐंशीच्या वेगाला कव्हर फडफडतं.

ड्रेन नट काढला की निवांत दहा-पंधरा मिनिटं थेंब थांबेपर्यंत थांबा. नटाचा वॉशर दर वेळी नवीन. तो चेपून बसण्यासाठीच केलेला असतो, दुसऱ्यांदा सील धरत नाही. नट आवळताना टॉर्क रेंच. बऱ्याच गाड्यांना २५ ते ३० न्यूटन मीटर लागतो, पण आकडा आपल्या गाडीचाच घ्या. इथे सर्वांत जास्त नुकसान होतं. संप, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं, ॲल्युमिनियमचा असतो आणि मेकॅनिक लांब पान्याने 'फिट' आवळतो. पहिल्या दोन वेळा काही होत नाही, तिसऱ्या वेळी आटे निघून येतात आणि संप बदलावा लागतो. काही नव्या फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत ड्रेन प्लगच प्लास्टिकचा असतो, तो दर वेळी नवीन घालायचा.

फिल्टर दोन प्रकारचे. डब्यासारखा आख्खा फिरवून बसणारा असेल तर जुना काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना ते बोट फिरवून बघा. जुन्या रिंगवर नवी रिंग बसली की गाडी सुरू होते, दाब वाढतो आणि दोन मिनिटांत सगळं ऑइल जमिनीवर येतं. कागदी काडतूस असेल तर झाकणाची ओ-रिंग नव्या फिल्टरबरोबर आलेलीच घाला, तिला बोटाने थोडं नवं ऑइल लावा, ती योग्य खाचेत आहे ना ते बघा आणि झाकणावर छापलेल्या टॉर्कला थांबा. मान, माहले, हेंगस्ट, बॉश यांपैकी तुमच्या इंजिनाचा नंबर जुळणारा फिल्टर घ्या. पन्नास रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे.

भरताना आधी अर्धा लिटर कमी भरा. इंजिन सुरू करून मिनिटभर चालवा, नटाखाली आणि फिल्टरपाशी गळती बघा, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक बघा. मग थोडंथोडं वाढवा. बऱ्याच बीएमडब्ल्यू आणि पोर्शेत डिपस्टिकच नसते, पातळी स्क्रीनवर येते, तीही इंजिन पूर्ण तापल्यावर आणि गाडी सपाटीवर असताना. ड्राय संपच्या, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या, गाड्यांत पातळी इंजिन गरम आणि चालू असताना मोजतात. थंड इंजिनात 'कमी आहे' असं दिसलं म्हणून आणखी लिटरभर ओतणं हा या गाड्यांचा ठरलेला घोटाळा. जास्त झालेलं ऑइल क्रँक घुसळतो, फेस होतो, फेसाने दाब टिकत नाही, आणि उरलेलं ऑइल इंजिनाच्या ब्रीदर पाइपमधून इनटेकमध्ये जाऊन निळा धूर येतो, शेवटी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. कमाल खुणेच्या थोडं खाली ठेवलेलं उत्तम.

शेवटी सर्व्हिसचा इंडिकेटर रीसेट करा, आणि तारीख, किलोमीटर, ऑइलचं नाव, ग्रेड, कोड हे सगळं बिलाच्या मागे लिहा. गाडी विकताना हा कागद पैसे देऊन जातो.

८. पुन्हा कधी

युरोपियन कंपन्या १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष सांगतात. मुंबईत किलोमीटर फसवतात, तास मोजा. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर ऑफिसच्या वेळी ताशी २० चा वेग धरला तर ५,००० किलोमीटर म्हणजे २५० तास. तेवढ्याच तासांत एक्सप्रेसवेवर ताशी ८० ने गाडी २०,००० किलोमीटर गेली असती. ओडोमीटरवर जे 'कमी चाललेलं' दिसतं ते इंजिनाच्या लेखी चांगलंच चाललेलं असतं.

शिवाय ट्रॅफिकमध्ये ऑइलचं काय होतं? दहा मिनिटांची फेरी, बंद, परत फेरी. पाण्याचा काटा मधोमध येतो, पण ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये थंड सिलिंडरच्या भिंतीवर पडलेलं पेट्रोल रिंगांमधून खाली उतरतं, आणि ऑइल नीट तापत नसल्याने उडून जात नाही. टॉपअप न करता डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर हेच. असं ऑइल एक ग्रेड खाली घसरलेलं असू शकतं. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग चालवा. कोस्टल रोड आणि सी लिंकवर वेगमर्यादा ८० असली तरी चालेल, वेग नको आहे, गरमी हवी आहे. ऑइलच्या तापमानाचा काटा असेल तर तो ८० अंशांच्या वर जाईपर्यंत तीन हजार आरपीएमच्या आत राहा.

रोज वापरातल्या टर्बो गाडीला आमचा ठोकताळा ७,५०० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. फक्त रविवारी निघणारी गाडी वर्षात दोन हजारही होत नाही, तरी वर्षाला ऑइल बदलाच. खात्री हवी असेल तर जुन्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत द्या. व्हिस्कॉसिटी, पेट्रोलचं प्रमाण, उरलेला क्षार, लोह आणि सिलिकॉन एवढं पुरे. लोह वाढलं तर झीज, सिलिकॉन वाढलं तर एअर फिल्टरमधून धूळ शिरते आहे.

९. पावसाळा

जून ते सप्टेंबर गाडी झाकून ठेवणार असाल तर मे अखेरीस ऑइल बदला. वापरलेल्या ऑइलमधली आम्लं आणि ओल चार महिने बेअरिंगवर बसू देऊ नका. पावसात चालवणार असाल तर उलट करा, ऑक्टोबरमध्ये बदला.

ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट लोण्यासारखा थर दिसला की घाबरू नका, आधी डिपस्टिक बघा. थर फक्त झाकणाला असेल तर लहान फेऱ्यांची ओल आहे, लांब फेरीने जाते. डिपस्टिकवरही दुधाळ असेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर, गाडी थांबवा.

मिलन सबवे किंवा अंधेरी सबवेत पाणी असताना खाली नेऊ नका. स्पोर्ट्स कारचा इनटेक खाली असतो. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. टो करून गॅरेजला न्या, स्पार्क प्लग काढून सिलिंडर बघायला सांगा, ऑइल आणि फिल्टर बदला, पंधरा-वीस मिनिटं इंजिन चालवून तेही काढा आणि पुन्हा नवं भरा. पहिल्या भरणीला महागडं ऑइल नको, त्याच ग्रेडचं साधं एपीआय एसपी पुरतं.

काढलेलं ऑइल गटारात नाही, भंगारवाल्याच्या कॅनमध्येही नाही. ते घातक कचऱ्यात मोडतं. नोंदणीकृत रिसायकलरला देणाऱ्या गॅरेजमध्येच सोडा. आणि रिकामा डबा निघण्याआधी स्क्रू ड्रायव्हरने आरपार भोसकून टाका, लेबल फाडा. ओरिजिनल रिकाम्या डब्याला बाजारात गिऱ्हाईक असतं.